माल जागेवर पोचवणारा वालेंती

ब्रॉशच्या गिरणीत वालेंती ग्झेलाकला ओळखत नाही असा माणूस नव्हता, आणि त्याच्याशी कधी पोटभर बोललाय असाही कुणी नव्हता. बोलणं हे त्याचं कामच नव्हतं. सूतखात्यातून कांड्यांनी भरलेल्या पेट्या उचलायच्या, एकचाकी गाडीवर रचायच्या, अंगण ओलांडून साचेखात्यात, विणकामाच्या मागांकडे, न्यायच्या आणि येताना रिकाम्या पेट्या परत आणायच्या. सकाळच्या भोंग्यापासून संध्याकाळच्या भोंग्यापर्यंत हेच. आमच्या वूच शहरात लोक यंत्रं चालवून म्हातारे होतात, वालेंती गाडी ढकलून होत होता.

गिरणीच्या गाड्या होत्या, लोखंडी, दर फेऱ्याला बोंबलणाऱ्या. वालेंतीची गाडी मात्र स्वतःची. गाव सोडताना भावांनी जमीन वाटून घेतली, ह्याच्या वाट्याला बापाच्या मोडक्या घोडागाडीचं लाकूड आलं. त्याचीच त्यानं ही गाडी केली. चाकाला तो डुकराची चरबी लावायचा. बायको योझेफा कपाळाला हात लावायची.

"घरात भाकरीला चरबी नाही, आणि ह्यांच्या चाकाला आहे! पुढच्या जन्मी मला चाक कर रे देवा."

"चाक कुरकुर करत नाही," वालेंती शांतपणे म्हणायचा.

बाकीचे गाडीवाले साचेखात्याच्या दारात पेट्या ओतायचे आणि पसार व्हायचे. मग पोरींनी साचा सोडून जायचं, पेटी ओढत आणायची, तेवढ्यात धागा तुटला की दंड भरायचा. वालेंती एकेक पेटी एकेका साच्याच्या उशाशी नेऊन ठेवी. कुणी सांगितलं नव्हतं. अर्ध्या वाटेत माल टाकणं त्याच्या रक्तातच नव्हतं. 'वालेंतीचा माल जागेवर पोचतो' असं गिरणीत म्हणायचे, आणि त्याला आयुष्यात मिळालेली शाबासकी म्हणाल तर ती एवढीच.

त्याला गिरणीत चिकटवलं ते क्सावेरी दुदानं. दोघं एकाच गावचे, एकाच तळ्यात डुंबलेले. क्सावेरी आधी शहरात आला, साचे दुरुस्त करायला शिकला, आणि वालेंती पोटाशी टोपी धरून फाटकासमोर उभा होता तेव्हा ह्यानंच आत जाऊन शब्द टाकला. वर्षभरानं वालेंतीला मुलगी झाली, तर बाप्तिस्म्याला तिला हातावर धरलं क्सावेरीनं. म्हणजे तो ब्रोन्काचा धर्मबाप आणि वालेंतीचा कुम झाला. आमच्याकडे भावाशी भांडलात तरी चालतं, पण कुमाशी भांडण म्हणजे पाप. तो तुमच्या लेकराला देवापुढे धरून उभा राहिलेला असतो. लग्नाच्या दिवशी आईबापाच्या शेजारी उभं राहून आशीर्वाद द्यायचा, तोही त्यानंच. धर्मबापाच्या आशीर्वादावाचून चर्चला निघालेल्या पोरीचं काय होतं, ते गावाकडच्या म्हाताऱ्यांना विचारा. त्यांच्याकडे अशा गोष्टी पोत्यानं असतात.

क्सावेरी चढत गेला. साचेखात्याचा जॉबर, म्हणजे मुकादम, झाला. घड्याळ आलं, साखळी आली, मोठ्या रस्त्याच्या पार दुसऱ्या टोकाला, चर्चच्या पलीकडे, दोन खोल्यांचं घर आलं. मान थोडी ताठ झाली. तरी रविवारी प्रार्थनेनंतर तो वालेंतीच्या खांद्यावर हात टाकून चालायचा आणि वालेंतीला त्यात फार बरं वाटायचं, हे खोटं कशाला बोला.

मग ते झडतीचं प्रकरण झालं.

साचेखात्यातून कापड चोरीला जातंय अशी बोंब उठली. लगेच नवा नियम आला: सुटताना बायकांची फाटकावर झडती. घेणार कोण? तर पहारेकरी, पुरुष. हात वर करून उभं राहायचं, आणि तो मेला सावकाश चाचपणार, मागे रांगेत उभ्या असलेल्या सगळ्यांच्या देखत. म्हाताऱ्या बायका मान खाली घालून रडायच्या. ब्रोन्का तेव्हा विशीची, चार साचे सांभाळणारी, जिभेला धार. ती पहिल्या दिवशी तरातरा जॉबरकडे गेली.

"धर्मबाबा, हे काय चाललंय? कापड चोरायला आम्ही काय पोटावर गुंडाळून नेतो?"

"माझ्या हातात नाही पोरी," क्सावेरी घड्याळाकडे बघत म्हणाला. "वरून हुकूम आहे."

"मग वर सांगा, की खाली माणसं आहेत."

"पाण्यात राहून माशाशी वैर करू नये. जा, साच्यावर जा."

त्या संध्याकाळी पहारेकऱ्यानं ब्रोन्काला मुद्दाम जास्त वेळ उभं केलं. घरी येऊन ती जेवली नाही. योझेफानं विचारलं तर म्हणाली, "माझे हात दुखतायत, आई. वर धरून धरून." बटाट्याच्या सारात चमचा तसाच ठेवून वालेंती भिंतीकडे बघत बसला. पोर आपली आणि कुमही आपला. म्हणतात ना, दातही आपले आणि ओठही आपलेच.

आता आदल्या वर्षापासून शहरात एक नवी रीत पडली होती. झारच्या राज्यात जिकडेतिकडे संप पेटले होते आणि गिरण्यांमधले लोक फार शिरजोर जॉबरला एक शिक्षा द्यायचे. साचे बंद करायचे, त्याच्या डोक्यावरून गोणपाट घालायचं, एकचाकी गाडीत बसवायचं आणि वाजतगाजत फाटकाबाहेर नेऊन रस्त्याच्या गटारात ओतायचं. मारहाण नाही, काही नाही. पण गाडीतून बाहेर गेलेला जॉबर त्या फाटकातून परत आत आला असं कधी घडलं नव्हतं. मालकाला कोण गाडीत बसवणार? तो महालात, पडद्याआड. चोर सोडून संन्याशाला फाशी, असं कुणी म्हणे. पण संन्याशाच्या हातात दंडाची पावती असते, त्याचं काय करायचं?

शरदातल्या एका संध्याकाळी एका गरोदर बाईला झडतीत धक्का बसून ती पडली. दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत साचे थांबले. एवढ्या आवाजाची सवय असलेल्या माणसांना ती शांतता सोसेना, सगळेच ओरडून बोलू लागले. आणि सगळ्यात वरचा आवाज होता ब्रोन्काचा.

"गाडी आणा! जॉबरला गाडी आणा!"

गाडी कुणाची? अंगणात हाताशी होती ती वालेंतीचीच. पोरांनी कांड्यांच्या पेट्या उतरवून ती आत पळवली. वालेंती मागोमाग पोचला तोवर क्सावेरीला कमरेपर्यंत गोणपाटात घातलं होतं आणि गाडीत कोंबत होते. क्सावेरी ओरडत नव्हता. त्याची एक बूट घातलेली टांग तेवढी हवेत हलत होती.

वालेंतीला त्याच आठवड्यात दुसऱ्या गिरणीत झालेलं ठाऊक होतं. तिथल्या जॉबरला पोरांनी पळवत नेऊन गटाराच्या दगडी काठावर असा ओतला, की त्याचं कमरेचं हाड मोडलं. एकदा ओतलेला माल पुन्हा सरळ होत नाही. धांदलीत तो शिरला आणि त्यानं गाडीच्या दांड्या धरल्या.

"बाजूला व्हा. माझी गाडी आहे. मीच ढकलणार."

मग कुणीतरी ओरडलं, "ऐकलंत का! कुमच कुमाला नेतोय! वा रे वालेंती काका!" आणि जो काही जल्लोष झाला म्हणता! ब्रोन्का बापाकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि अभिमान. वालेंतीनं तिच्याकडे बघायचं टाळलं.

फाटकातून गाडी बाहेर पडली. बाहेर गटार वाहत होतं, त्या दिवशी रंगखात्यात लाल रंग चालू होता म्हणून लालभडक. पोरं ओरडली, "ओता!" वालेंतीनं गाडी ओतली नाही. वळवली आणि मोठ्या रस्त्याला लागला.

त्याच्या मनात एकच होतं. कुमाला गटारात कसा टाकू? माल टाकायचा नसतो, पोचवायचा असतो. घरी नेऊ, दारात अलगद उतरवू, त्याची बायको, विक्तोर्या वहिनी, आत घेईल, संपलं. म्हणून तो जपून, खड्डे चुकवत, जराही हिसका न देता चालला. चाक चकार शब्द बोलत नव्हतं.

रस्ता केवढा! पाणबाजारातून, खाटकाच्या दुकानासमोरून, शाळेवरून, चर्चवरून. शंभरेक माणसं मागे, डबे वाजवत. बाजारातल्या बायका कोबी सोडून बघायला उभ्या राहिल्या. खिडक्या उघडल्या. खाटकानं सुरी तशीच हातात धरून विचारलं, "कोण आहे रे गोणपाटात?" आणि सगळ्यांनी एका सुरात नाव सांगितलं. चर्चच्या पायरीवर पाद्रीबाबांनी क्रुसाची खूण केली. बाकी जॉबर फाटकाबाहेर आदळायचे, उठायचे, चिखल झटकत गल्लीबोळातून घरी पळायचे. क्सावेरी दुदा अख्ख्या वूचला दाखवत दाखवत घरी गेला.

दारात वालेंतीनं गाडी टेकवली, गोणपाट काढलं. क्सावेरीचा चेहरा पांढराफटक. त्यानं वालेंतीकडे असं पाहिलं, जसं जन्मात कधी पाहिलं नव्हतं. मग तो आत गेला आणि दार लावलं.

"घरापर्यंत नेलंत काका!" परतताना पोरं वालेंतीची पाठ थोपटत होती. "काय डोकं लढवलंत! ह्याला म्हणतात जिरवणं!"

त्या रात्री वालेंतीनं भाकरी तशीच झाकून ठेवली. त्या रविवारी चर्चमध्ये क्सावेरीची जागा रिकामी होती. पुढच्या रविवारीही तेच.

ब्रोन्काचं लग्न ठरलं होतं, रंगखात्यातल्या तेओफिलशी. हाताला कायम निळा रंग असलेला, हसरा, गरीब मुलगा. ईस्टरनंतरचा मुहूर्त. वालेंतीच्या डोक्यात तेच घोळत होतं: क्सावेरी आला नाही, तर आशीर्वादाला उभं कोण राहणार? आणि त्याहून आत कुठेतरी: रविवारी माझ्या खांद्यावर हात कोण टाकणार?

पण त्याआधी नाताळ आला आणि नाताळाआधी टाळेबंदी. नाक दाबलं की तोंड उघडतं, हे मालक लोकांना कुणी शिकवावं लागत नाही. ब्रॉशनं फाटक लावलं. भोंगा बंद, धुराडी बंद. गटारात रंग येणं थांबलं आणि आमच्या गल्लीत पहिल्यांदाच तळाचे दगड दिसले. लहान पोरांना मौज वाटली. आया त्या स्वच्छ पाण्याकडे बघून डोळे पुसायच्या. आमच्याकडे गटार स्वच्छ म्हणजे चूल थंड. आधी हेरिंग मासा बंद झाला, मग चहा, मग बटाटे सालासकट. वालेंतीच्या चाकाची चरबी योझेफानं एक दिवस सारात घातली. तो बघत होता.

हिवाळा सरता सरता फाटकावरचा पहारेकरी मालकाचा निरोप घेऊन आला. आधी त्यानं घसा साफ केला.

"साहेब म्हणतात, गिरणी उघडेल. पण जॉबर दुदाला ज्यानं बाहेर नेलं, त्यानंच त्याला आत आणायचं. त्याच गाडीतून, दिवसाढवळ्या. आणि आणणाऱ्यानं आपलं हजेरीचं तिकीट तिथेच ठेवून घरी जायचं, कायमचं. झडती मात्र बंद."

लोक वालेंतीच्या अंगणात जमले. ब्रोन्का लालबुंद झाली होती. "मुळीच नाही! माझ्या बापाला तमाशातलं अस्वल समजतात काय? अजून महिनाभर कळ काढू!"

"तू काढशील गं," पोर कडेवर घेतलेली एक बाई म्हणाली, "ह्याला विचार."

सगळे वालेंतीकडे बघू लागले. "काका, तुमचं तुम्ही ठरवा. कुणी बोल लावणार नाही."

वालेंतीनं टोपी घातली. "क्सावेरीला विचारून येतो," म्हणाला. "बसायचं त्याला आहे."

गाडी घेऊनच गेला. चरबी नसल्यानं चाक पहिल्यांदाच करकरत होतं आणि तो आवाज त्याला काळजात लागत होता. विक्तोर्यानं दार उघडलं, ओळखलं, आणि बाजूला झाली. क्सावेरी चुलीजवळ बसला होता. दाढी वाढलेली, घड्याळाची साखळी नव्हती.

"ये," तो म्हणाला. "निरोप मलाही आलाय."

"मग?"

"मग काय! मालकाला मी पाहिजे असं वाटतं का तुला? माझ्यासारखे जॉबर पैशाला पासरी आहेत. त्याला खेळ पाहिजे. पडद्याआडून बघायला."

वालेंती उभाच होता. शेवटी मनातलं बाहेर आलं. "कुमा, तू दार लावलंस ते लावलंसच. मी तुला गटारात पडू दिलं नाही रे."

क्सावेरी बराच वेळ हसला, पण ते हसू चांगलं नव्हतं.

"फाटकात ओतलं असतंस तर बरगडी मोडली असती. महिनाभरात बरी झाली असती. तू मला बाजारातून फिरवलंस. खाटकापुढून, शाळेपुढून, पाद्रीबाबांपुढून! आजही मी खिडकीत आलो की गल्लीतली कार्टी 'चूं चूं' करून चाकाचा आवाज काढतात."

"माझं चाक वाजत नव्हतं," वालेंती पुटपुटला.

"ठाऊक आहे मला! किती अलगद नेत होतास! दुसरा कुणी असता तर शिव्या तरी घातल्या असत्या. तुला काय घालू? तू माया करत होतास, गाढवा!"

वालेंती बाकावर बसला. इतके महिने त्याला जे उमगत नव्हतं ते आता समोर येऊन उभं राहिलं. "मला वाटलं, पोचवावं," तो म्हणाला. "मला दुसरं काही येतच नाही रे."

विक्तोर्यानं दोघांपुढे गरम पाणी ठेवलं. चहा त्यांच्याकडेही नव्हता. वालेंतीनं पेला बाजूला सारून विचारलं, "कुमा, एक सांग. ती झडती. ब्रोन्काची."

"वरून हुकूम होता," क्सावेरी पाण्याकडे बघत म्हणाला.

"मग झालं," वालेंती म्हणाला. त्याला तेवढंच हवं होतं.

क्सावेरी उठला. दाढी केली, चांगला कोट घातला. दारात गाडीपाशी येऊन थांबला.

"मागच्या गल्ल्यांनी नेतो," वालेंती म्हणाला.

"नको. त्याच रस्त्यानं. पण चर्चपर्यंत तू बस."

"मी?"

"बस म्हणतो ना! मालकानं फाटकाचं सांगितलंय. चर्चपर्यंतचा रस्ता माझा."

वालेंती बसला. वीस-बावीस वर्षं ढकललेल्या गाडीत तो पहिल्यांदाच बसत होता. पाय लोंबकळत होते, आणि हात कुठे ठेवायचे तेच कळेना. मांडीवर ठेवले तर शाळेतल्या पोरासारखं वाटतं, काठ धरले तर घाबरल्यासारखं. जॉबरला गाडी ढकलायची सवय कुठली. ती डावीउजवीकडे झोकांड्या खात होती आणि चाक बोंबलत होतं. लोक दारात आले. खाली बसलं की माणसं केवढी मोठी दिसतात! प्रत्येक खिडकीतून कुणीतरी बघत होतं आणि खिडक्या संपत नव्हत्या. हा रस्ता त्यानं हजारदा पायांनी तुडवला होता, पण इतका लांब तो कधी नव्हता. त्याला घाम फुटला.

"क्सावेरी, पुरे."

"चर्च कुठे आलंय अजून?" मागून धापा टाकत उत्तर आलं.

चर्चपाशी दोघांनी जागा बदलल्या. क्सावेरी आपणहून बसला, गोणपाटाशिवाय, टोपी सरळ करून. फाटकाशी सगळी गिरणी दुतर्फा उभी होती. कुणी हसलं नाही. महालाच्या खिडकीचा पडदा जरासा सरकला. उंबऱ्यावर वालेंतीनं चाक असं उचललं, की आतल्याला धक्का कळू नये. भोंगा झाला. लोक धावतच आत शिरले. पोटाला चिमटा बसला की मानापमान मागे राहतो, त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही.

पहारेकऱ्यानं वालेंतीचं तिकीट घेतलं. "गाडी राहू दे इथंच."

"लाकूड माझ्या बापाचं आहे," वालेंती म्हणाला, आणि आत येणाऱ्या गर्दीतून वाट काढत रिकामी गाडी घेऊन बाहेर पडला. दुसऱ्या दिवसापासून तो पाणबाजारात बायकांचे कोबी आणि बटाटे पोचवू लागला. अर्थात दारापर्यंत.

ईस्टर झाला. लग्नाच्या सकाळी योझेफानं टेबलावर पांढरं कापड घातलं, पाव आणि मीठ मांडलं. गटार पुन्हा वाहत होतं, त्या दिवशी निळं. तेओफिल म्हणाला, माझ्याच मानासाठी सोडलाय. पाहुण्यांनी खोली भरली. वालेंती दर मिनिटाला दाराशी जाऊन येत होता.

क्सावेरी आला. चांगल्या कोटात, विक्तोर्याला घेऊन. वालेंतीच्या खांद्यावर त्यानं हात टाकला आणि वालेंतीचे डोळे भरून आले. आता सगळं जागच्या जागी बसलं, असं त्याला वाटलं.

आईबापानं आशीर्वाद दिला. मग धर्मबाप पुढे झाला, हातात क्रूस. आता ब्रोन्कानं गुडघे टेकायचे. ती टेकेना. पांढऱ्या झग्यात ती ताठ उभी राहिली आणि दोन्ही हात तिनं हळूच वर उचलले. फाटकावर धरायची तसे.

खोलीतल्या प्रत्येक बाईला ते उभं राहणं ओळखीचं होतं.

"घ्या," ब्रोन्का म्हणाली. "आशीर्वादाआधी घेऊन टाका झडती. झग्यात कापड बरंच आहे."

"अगं, शुभ दिवशी हे काय!" योझेफा घाबरली. तेओफिल पुढे झाला, ब्रोन्कानं मानेनंच त्याला थांबवलं.

"पोरी, ते मिटलं आता," क्सावेरी म्हणाला. "मी आणि तुझा बाबा..."

"तुमचं दोघांचं मिटलं. तुम्ही एकमेकांना गाडीत बसवलंत आणि मिटलं. मला कुणी विचारलं?"

"वरून हुकूम होता गं."

"कुणाचा?"

क्सावेरीनं वालेंतीकडे पाहिलं. गावच्या तळ्यात पाय घसरला की लहानपणी पाहायचा, तसंच. "कुमा, सांग ना हिला."

वालेंतीचा हात पुढे जायला झाला. अडलेलं ओझं उचलायचं ही हाताची जुनी खोड. त्यानं तो मागे घेतला आणि टोपी घट्ट धरली.

"तिनं तुला विचारलंय," तो म्हणाला. "तू सांग."

चुलीवरचं भांडं खदखदत होतं. कुणी उठून ते उतरवलं नाही.

"वरून कुणी सांगितलं नव्हतं," क्सावेरी म्हणाला. आवाज अगदी खाली गेला होता. "कापड जातंय हे वर कळलं असतं तर माझी जागा गेली असती. म्हणून मीच नियम काढला. पहारेकऱ्याला मीच सांगितलं. आणि त्या दिवशी... तू भांडायला आलीस म्हणून, हिला जरा जास्त वेळ उभी कर, हेही मीच."

विक्तोर्यानं डोक्यावरचा रुमाल तोंडावर ओढला. वालेंतीला वाटलं, आपण हे खोटं गाडीत घालून आधी बाहेर नेलं, मग आत नेलं, दोन्ही वेळा किती जपून. त्याला राग यायला हवा होता. आलाही. पण त्याहून मोठी लाज वाटली, कारण चुलीजवळ बसून विचारलं तेव्हाच त्याला ठाऊक होतं.

क्सावेरीनं क्रूस टेबलावर ठेवला आणि टोपी शोधू लागला.

"कुठे निघालात?" ब्रोन्का म्हणाली. "आता द्या."

ती गुडघ्यांवर बसली. क्सावेरीनं क्रूस पुन्हा उचलला. पण तो तिच्या कपाळापर्यंत नेता नेता अर्ध्या वाटेतच थांबला. तिनं मान पुढे केली. रीतीप्रमाणे धर्मबापाच्या हाताचं चुंबन घ्यायचं असतं, ते तिनं घेतलं नाही.

मग सगळे उठले, ढकलाढकली करत दाराकडे निघाले, बाहेर बाजा वाजू लागला. वालेंतीनं लेकीला उठवायला हात धरला, तर तिचे दंड दगडासारखे आखडलेले.

"दुखतायत का गं?"

"हो बाबा," ब्रोन्का म्हणाली. "फार दिवस वर होते."